चार्जर कपाटात, बाई रस्त्यात

मैत्रिणींनो, माझी फजिती आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला संकोच वाटणार नाही.

विजेवरची स्कूटर घेऊन मला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. पाथर्डी गावात, फार तर मोहट्याला देवीच्या दर्शनाला, नाहीतर निवडुंग्याला बचत गटाच्या बैठकीला, एवढाच तिचा प्रवास. एक दिवस गटातल्या एकीचं नगरला कचेरीत काम निघालं. बरोबर बोलायला कुणीतरी हवं, म्हणून मी. एसटीला आपल्याला मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, हे मला ठाऊक आहे. पण कचेरीतलं काम कधी आटोपेल याचा नेम नसतो, आणि आटोपल्यावर गाडी कधी मिळेल याचाही नसतो. म्हटलं, स्कूटरवरच जाऊ. पाथर्डी ते नगर पन्नासेक किलोमीटर. जाहिरातीत आकडा एकशेवीसचा. म्हणजे जाऊन येऊन वीस उरतात, असं माझं बी. ए.चं गणित!

करंजीचा घाट चढताना दोघींच्या वजनाने त्या गणिताचा निकाल लागला. नगरला पोहोचलो तेव्हा बॅटरीचे चाळीस टक्के उरले होते. परत येताना घाट उताराचा आहे, तेव्हा निभावेल अशी मनाची समजूत घातली आणि निघालो. करंजी मागे पडलं आणि तिसगावच्या अलीकडे गाडीने मान टाकली. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. रस्त्याच्या कडेला एक घर, अंगणात एक आजी शेळीला पाला घालत बसलेल्या. आम्ही गाडी ढकलत गेलो. त्यांनी काही विचारायच्या आतच म्हटलं, ‘‘आजी, जरा वीज मिळेल का? पैसे देते.’’ त्या म्हणाल्या, ‘‘पैशाचं काय घिऊन बसली बाई, लाव की. ह्यो काय बोर्ड.’’

बोर्ड होता. वीज होती. देणारी माउली समोर उभी होती. आणि चार्जर माझ्या घरी, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, साड्यांच्या पिशवीशेजारी!

एक तासभर लावायला मिळाला असता तर आम्ही आपल्या पायांनी, म्हणजे आपल्या चाकांनी, घरी पोहोचलो असतो. त्याऐवजी ह्यांना फोन, ह्यांचा टेम्पोवाल्याला फोन, आणि रात्री साडेनवाला वरात दारात. घरात कुणी रागावलं नाही. ते एक वेळ बरं झालं असतं. हे फक्त एवढंच म्हणाले, ‘‘आता गावातल्या गावातच चालव. लांब जायचं तर मी सोडीन.’’

हे ‘मी सोडीन’ फार प्रेमाचं असतं हो. पण ज्या बाईला कुणीतरी सोडायचं असतं, ती सोडणाऱ्याला वेळ असेल तेव्हाच जाते. माझं निम्मं काम तिसगाव, करंजी, खरवंडी या बाजूच्या गावांत. भांडण विकोपाला गेलेलं घर ‘ह्यांना रविवारी सुट्टी आहे’ म्हणून थांबत नाही. आणि माझं एक वेळ चालून जाईल. आमच्या ओळखीतल्या एका आशाताईची गाडी अशीच पंक्चर होऊन रस्त्यात राहिली, आणि दुसऱ्या दिवसापासून ती गाडी दीर वापरू लागला. हप्ता मात्र अजून तिच्या मानधनातून जातो! घरच्यांचं म्हणणं काय, तर ‘रस्त्यात काही झालं तर तुला काय कळतंय?’

आता या प्रश्नाला नुसतं रागावून उत्तर देता येत नाही. कारण खरंच आपल्याला कळत नव्हतं. या गाड्या आपल्याला खपवल्या गेल्या त्याच मुळी ‘काही कळायची गरज नाही’ असं सांगून. किक नाही, गिअर नाही, पेट्रोल नाही, बटण दाबा आणि चला. दुकानात किल्ली दिली, हार घातला, फोटो काढला. डिकीत काय ठेवायचं, हे कुणी सांगितलं नाही. पेट्रोलची गाडी बंद पडली तर रस्त्यावरचा कुणीही बाटलीभर पेट्रोल काढून देतो, दर दोन गावांमागे एक मेकॅनिक असतो. विजेच्या गाडीला बाटलीतून वीज पाजता येत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की या गाडीवर लांब जाणाऱ्या बाईची पिशवी तिची तिने भरलेली असली पाहिजे, आणि पिशवीतली प्रत्येक वस्तू तिने एकदा तरी अंगणात वापरून बघितलेली असली पाहिजे. नवऱ्याने भरून दिलेली पिशवी रस्त्यात उघडली की निम्म्या वस्तू कशाच्या, हेच कळत नाही. हा माझा अनुभव आहे.

पहिला मान चार्जरचा. तो जड असतो, डिकीतली जागा खातो, सगळं खरं. तरी जाऊन येऊन साठ-सत्तर किलोमीटरच्या वर जायचं असेल तर तो बरोबर हवाच. घरगुती चार्जरने तासाभरात साधारण वीस किलोमीटर जाण्यापुरती वीज भरते, आणि तासाला एक युनिटसुद्धा जळत नाही. म्हणजे कुणाच्या घरी लावायला संकोच वाटावा असा काही हा खर्च नाही. तरी पैसे विचारावेत, ‘नको’ म्हणाल्या तर लेकराच्या हातावर खाऊ ठेवावा. ज्यांच्या गाडीची बॅटरी बाहेर काढता येते त्यांचं आणखी सोपं. गाडी अंगणात राहते आणि बॅटरी ओट्यावर जाते. फक्त ती उचलून बघा आधी, पाण्याच्या भरल्या कळशीइतकी जड असते काहींची. चार्जरला पाऊस लागू देऊ नये, म्हणून मी तो जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळते. टॉवेल घाम पुसायलाही होतो.

चार्जरबरोबर टेस्टर. हो, तोच, फ्यूज गेल्यावर शेजारच्या भाऊजींच्या खिशातून निघतो तो. आपल्या खेड्यापाड्यातली सॉकेटं कशी असतात, ते मी सांगायला नको. कुठलं ढिलं, कुठलं काळं पडलेलं, कुठं अर्थिंगच नाही. पिन लावायच्या आधी टेस्टरने बघावं, वीज आहे का. मोठ्या पिनेचा चार्जर मोठ्याच सॉकेटमध्ये लावावा. बाजारात मोठी पिन छोट्या सॉकेटमध्ये बसवून देणारी जोडणी मिळते, तिच्या वाटेला जाऊ नका. छोटं सॉकेट आणि आतली बारीक तार तासन्‌तास तेवढा भार सोसत नाही, तापते, आणि ज्या घराने उपकार केले त्याच घराचा बोर्ड जळतो. वाढवणीची वायर न्यायची असेल तर जाड तांब्याची, तिसऱ्या तारेसह, मोठ्या पिनेची. आणि ती वापरताना वेटोळं पूर्ण सोडून पसरावी. गुंडाळलेल्या वायरीतून भार गेला की आतल्या आत गरम होते. पाच-दहा मिनिटांनी पिनेला हाताची मागची बाजू लावून बघावी. चटका बसला तर बंद.

सॉकेट मागायचं कुठे, हा प्रश्न असतोच. माझा सल्ला ऐका, पिठाची गिरणी बघा. गिरणी गावोगाव असते, तिथे मोठ्या भाराची वायरिंग असते, आणि बऱ्याच ठिकाणी गिरणीवर बाईच बसलेली असते. तासभर बसायला तीच जागा बरी. मोटारींसाठी महामार्गावर जी चार्जिंगची यंत्रं दिसतात, त्यांचा तोंडा आपल्या स्कूटरला बसेलच असं नाही. तेव्हा नुसती पाटी पाहून हुरळून जाऊ नका.

आता पंक्चर. आपल्याकडे वेड्या बाभळीला काय तोटा! उन्हाळ्यात कुपाटी तोडून रस्त्याच्या कडेला टाकतात आणि त्याचे काटे चाकात. शिवाय ज्या नगर रस्त्याच्या रखडलेल्या कामासाठी २०२२ मध्ये उपोषणाला बसायची वेळ आली, त्या रस्त्याने आम्हा पाथर्डीकरांच्या चाकांनी काय काय सोसलं ते आम्हालाच ठाऊक. विजेच्या बऱ्याच स्कूटरींची मोटर मागच्या चाकातच असते आणि चाकातून वायरी निघतात. त्यामुळे साधा पंक्चरवाला ते चाक खोलायला कचरतो, आणि त्याचं बरोबरच आहे. पण टायर ट्यूबलेस असेल तर चाक खोलायची गरजच नसते. बाजारात त्याचा संच मिळतो. त्यात एक आटे असलेला टोचा, एक नेढ्याचा टोचा, चिकट रबरी पट्ट्या आणि सोल्यूशनची ट्यूब असते. काटा शोधायचा, तो कुठे आहे ती जागा लक्षात ठेवून पकडीने ओढायचा, पहिल्या टोच्याने भोक साफ करायचं, नेढ्यात पट्टी ओवून ती निम्मी आत दाबायची आणि टोचा झटक्याने बाहेर काढायचा. पट्टी आत अडकून राहते. बाहेरचं टोक कापायचं, हवा भरायची. ज्या बाईने आयुष्यभर गोधडीला दाभणाने टाके घातलेत, तिला हे अवघड नाही. जोर मात्र लागतो. मी पहिल्यांदा जुन्या टायरवर सराव केला तेव्हा सासूबाई ओसरीवरून बघत होत्या. म्हणाल्या, ‘‘अगं, गुडघा टेकव त्याला, वाकळ शिवतीस तसा.’’ गुडघा टेकवला आणि पट्टी बसली!

हवा भरायला पंप लागतो. सायकलचा घ्याल तर त्याचं तोंड स्कूटरच्या व्हॉल्व्हला बसतं का, ते दुकानातच बघून घ्या. पायाने दाबायचा पंप मला बरा वाटतो. हातातला छोटा चार्जिंगचा पंपही मिळतो, पण त्याला पुन्हा चार्ज करायची आठवण ठेवावी लागते, आणि माझ्या आठवणीची गोष्ट वर आलीच आहे. हवा किती, ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. दोघी बसणार असाल तर मागच्या चाकात थोडी जास्त लागते. कमी हवेवर गाडी चालवली की बॅटरी लवकर उतरते, हे मला उशिरा कळलं. त्या दिवशी नगरला जाताना मी हवा तपासली होती का? नव्हती.

फ्यूज. पुस्तिकेत बघून त्याच आकड्याचे दोन फ्यूज एका कागदाच्या पुडीत ठेवावेत. घरात फ्यूज गेला की तार गुंडाळून काम भागवायची आपल्याकडे जुनी खोड आहे. गाडीत ती खोड चालत नाही. मोठ्या आकड्याचा फ्यूजही नको. फ्यूज जळतो तो बॅटरी आणि वायरी वाचाव्यात म्हणून. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याच्या कडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली, ती चित्रफीत आपण सगळ्यांनी फोनवर बघितली. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत कडक केले. तेव्हा भिऊन बसायचं कारण नाही, पण तारेचे खेळ आपण आपल्या हाताने करू नयेत. लांबून आल्या आल्या तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये, हेही त्यातच आलं. अर्धा तास सावलीत राहू द्यावी. त्या आजींच्या अंगणासारखं अंगण मिळालं तर तेवढ्यात चहा होतो.

बाकी हत्यारं फार नकोत. गाडीच्या नटांना बसणारे दोन पाने, सहाकोनी एल आकाराच्या किल्ल्यांचा छोटा जुडगा, दोन्ही टोकांचा स्क्रू-ड्रायव्हर, एक पकड, काळी चिकटपट्टी, आणि वायर बांधायच्या पाच-सहा प्लॅस्टिकच्या पट्ट्या. आरसा ढिला होतो, नंबरप्लेट लोंबते, खड्ड्यातून आदळून पुढचं प्लॅस्टिक सुटतं. एवढ्यापुरतं हे पुरतं. कंट्रोलर किंवा बॅटरी उघडायला बसू नये, ते आपलं काम नाही आणि कोपऱ्यावरच्या हुशार पोराचंही नाही. बॅटरीतला करंट जिवावर बेततो, आणि वॉरंटीही जाते. गाडी अगदीच बंद पडली तर दोरी लावून दुसऱ्या गाडीमागे ओढत नेऊ नका. चाकातली मोटर फिरली की तीच उलटी वीज तयार करते आणि आतल्या भागांना धोका होतो. टेम्पोच बोलवा. अनुभवी बाई सांगते आहे!

आणि हो, ‘बंद पडली’ म्हणण्याआधी साइड स्टँड बघा. गावातच एकदा मी भर चौकात पंधरा मिनिटं उभी, चार जणांनी चार उपाय सुचवले, शेवटी शाळेतलं एक पोर म्हणालं, ‘‘काकू, स्टँड खाली आहे.’’ स्टँड खाली असला की बऱ्याच गाड्या सुरूच होत नाहीत, पडू नये म्हणून ती सोय असते. तसंच लाल बटण चुकून दाबलं गेलंय का, सीटखाली एमसीबी असेल तर तो पडलाय का, हेही बघावं. घरातला मेन स्विच पडतो आणि आपण उचलतो, तसाच तो असतो. उचलल्यावर लगेच पुन्हा पडला तर मात्र थांबावं.

पिशवीचा दुसरा कप्पा गाडीचा नाही, आपला. पाण्याची बाटली, शेंगदाणे-गूळ, बँडेज आणि जखमेचं मलम, टॉर्च, रेनकोट, आणि सॅनिटरी पॅड. पॅडचं मुद्दाम लिहिते आहे. तासभर कुणाच्या दारात बसायची वेळ आली तर बाईला आधी स्वच्छतागृहाची काळजी पडते, चार्जिंगची नंतर. म्हणूनही घर किंवा गिरणी बरी, हॉटेल नाही. पॉवर बँक हवी, कारण काही गाड्या फोनवरूनच उघडतात, आणि फोन मेला की गाडीही मेली. शिवाय चार नंबर कागदावर लिहून ठेवावेत. घरचा, टेम्पोवाल्याचा, सर्व्हिस सेंटरचा आणि विम्याच्या मदतीचा. फोन बंद पडल्यावर ह्यांचासुद्धा नंबर पाठ नाही, हे त्या दिवशी माझ्या मैत्रिणीच्या लक्षात आलं! साडीवाल्यांनी पदर खोचून पिन लावावी, ओढणीवाल्यांनी गाठ मारावी, आणि हेल्मेट दोघींनी घालावं.

आता घरच्यांची गोष्ट. ‘मी सोडीन’वर मी वाद घातला नाही. पिशवी भरली, ओसरीवर मांडली आणि ह्यांना म्हटलं, ‘‘यातलं काहीही विचारा.’’ त्यांनी पट्टीचं विचारलं, मी टायरमध्ये खिळा ठोकून ती लावून दाखवली. खिळा ठोकताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, कारण टायर चालू गाडीचा होता. अजूनही लांब निघाले की ‘पोहोचलीस की फोन कर’ असतंच, आणि असू दे. पण ‘सोडीन’ थांबलं. आशाताईच्या घरी एवढं सोपं झालेलं नाही. दीर म्हणतो, गाडीची त्याला सवय झाली आहे. तिच्या सासऱ्यांशी आम्ही दोघीतिघी जाऊन बोललो, पुन्हा जाणार आहोत. हप्त्याची पावती तिच्या नावावर आहे, ती या वेळी बरोबर नेऊ.

मागच्या महिन्यात मी पुन्हा नगरला जाऊन आले, चार्जर घेऊन. परतताना गरज पडण्याआधीच आजींच्या घरी थांबले. त्यांनी ओळखलं. ‘‘आज आणलंस का ते खोकं?’’ म्हणून हसल्या. तिथेच डोक्यात आलं की असा आपल्या ओळखीचा बोर्ड प्रत्येक रस्त्यावर असायला काय हरकत आहे? गटातल्या बायकांनी एक वही केली आहे. नगर रस्ता, शेवगाव रस्ता, मढी, मोहटा, भगवानगडाकडची वाट. कुठल्या गावात कुणाच्या घरी किंवा गिरणीत मोठं सॉकेट आहे, अर्थिंग बघितलेलं आहे का, वीज साधारण कोणत्या वेळेला जाते. मढी-मोहट्यासारख्या देवस्थानांच्या वाहनतळावर मीटर बसवलेली दोन-चार मोठी सॉकेटं असावीत, असाही अर्ज आम्ही लिहितो आहोत. यात्रेच्या दिवसांत किती बायका स्वतःच्या गाडीवर येतात, ते बघायला कुणाला सांगायला नको. पण अर्जाचं उत्तर येईल तेव्हा येईल, वही आत्ता चालते.

तिच्यात आजींचं घर पहिलं आहे. खरवंडीच्या रस्त्यावर अजून एकही नाव मिळालेलं नाही. तिकडची कुणी मैत्रीण हे वाचत असेल, तर आपल्या घरातलं मोठं सॉकेट कुणाकडून तरी एकदा तपासून घ्या, आणि गटाच्या पुढच्या बैठकीत निरोप पाठवा.